राव

लोकापूरहून आणली तेव्हा बाजारच्या पिशवीत मावत होती.
चोर्ला घाटात दोनदा ओकली, माझ्याच बुटांवर.
रामगोंडानं बजावलं होतं, पाय बघून घे, कान बघू नको.
आज उभी राहिली की तिची पाठ
जेवणाच्या टेबलाला लागते
आणि ताटातला बांगडा
कुणालाही न विचारता कमी होतो.

रंगावरून नाव ठेवलं, भिरंड.
सुकांती म्हणाली, एवढ्या उंच कुत्रीला एवढं आंबट नाव.

येणारा जाणारा विचारतो,
खायला घालत नाही काय हिला?
फाटकाबाहेरून बोटानं बरगड्या मोजतात.
मी सांगतो, जातच अशी,
धावायला लागतं तेवढंच अंगावर ठेवते.
वीस वर्षं मी खाणीवरच्या काट्यावर होतो.
ट्रक यायचा, सुई थरथरायची, थांबायची, मी आकडा लिहायचो.
भरलेलं आणि रिकामं, एवढंच मला कळायचं.
ही दोन्हीत बसेना.

काटा बंद झाला, मग दोरी हातात घेतली.
विहिरीवरची, काथ्याची, तीस हात,
एक टोक तिच्या पट्ट्याला, दुसरं माझ्या मनगटाला.
खिशात सुकी सुंगटं.
रोज पहाटे डंपावरच्या सपाटीवर आमची शाळा,
पोदेराचा भोंपू वाजायच्या आत,
कारण तो वाजल्यावर ती फक्त त्याचंच ऐकते.

बस म्हटलं तर बसत नाही.
मांड्याच अशा भरलेल्या की बसणं म्हणजे शिक्षा.
डिचोलीचे डॉक्टर फुर्ताद म्हणाले,
बसणं सोडा हो, थांबायला शिकवा.
रामगोंडाचा एकच कानडी शब्द, बा, तिला घरचा वाटे.
माझ्या 'ये'कडे ती बघायची
सही नसलेल्या अर्जाकडे कारकून बघतो तशी.
शेवटी आमच्या चुलीपाशी बोलतो त्यातलाच एक काढला:
राव.
कोकणीत, थांब.

दहा पावलं, राव, सुंगट.
वीस पावलं, राव, सुंगट.
चार महिन्यांत माझ्या शर्टांना मासळीबाजाराचा वास
आणि तिच्या थांबण्यात अजून अर्ध्या श्वासाचा उशीर.

एका रात्री गुणो गांवकर आला. कपाळावर बॅटरी.
काजूत डुकरं उतरलीत, म्हणाला, चार तास दे तिला,
एक मांडी तुझी.
तिनं फाटकातून त्याचा वास घेतला
आणि पाठीवरचा केस न् केस उभा राहिला,
रागानं की ओळखीनं, कळलं नाही.
मी कडी काढली नाही.
चहासुद्धा विचारला नाही.
गुणो अजून माझ्याशी बोलत नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार. पहिल्यांदाच दोरी सोडलेली.
ससा मला दिसलाच नाही.
दिसली फक्त तिची मान लांब होताना.
नंतर कुत्री नव्हतीच तिथं,
एक तांबूस रेघ होती, जमिनीला घासून जाणारी.
सपाटी संपते तिथं खाणीचा खड्डा.
खाली हिरवं पाणी, तळ कुणी मोजलेला नाही.
मी ओरडलो. ये. यो गे. बा. भिरंड.
सगळ्या भाषा संपल्या
तेव्हा अगदी हळू, जवळजवळ स्वतःलाच,
राव.

ससा कडेनं वळला.
ती थांबली.
तिच्या पायांखालचे खडे खाली गेले,
बऱ्याच वेळानं वाजले.

शब्द ऐकला की कडा दिसली,
याची नोंद माझ्या वहीत नाही.
तिनं मागं पाहिलं,
ससा मीच पळवला असल्यासारखं,
आणि आली, चालत, वाटेत दोनदा जमीन हुंगत.
सगळं तोंड माझ्या खिशात घालून
उरलेली सुंगटं संपवली, थोड्या कापडासकट.

मराठीत राव आपण मानानं म्हणतो.
कधी वाटतं, तिनं तेवढंच ऐकलं असेल.

सुकांती खिसा शिवते आहे, तिसऱ्यांदा.
भिरंड दाराशी उभी.
बसत नाही.